पांढरा घरी

फोन वाजला तेव्हा मिस्त्रीच्या तोंडात बारीक खिळे होते. पहिल्या टेबलावर नवं हिरवं कापड चढवायचं काम चाललं होतं. तीन बाजू ठोकून झाल्या होत्या, चौथी त्याने दोन्ही हातांनी ताणून धरली होती आणि हातोडी काखेत दाबलेली होती. कापड सोडलं की ताण गेला, आणि ताण गेला की सकाळपासूनची मेहनत पाण्यात. म्हणून त्याने दातांतूनच सलूनवाल्याला हाक मारली, "फोन घे रे जरा."

सलूनवाल्याचं दुकान जिन्याखाली. गिऱ्हाईक नसलं की तो वर येऊन बाकावर बसायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा. त्याने फोन कानाला लावला, "हां, बोल गं," म्हणाला, आणि मग नुसतं ऐकत राहिला. फोन मिस्त्रीच्या कानाशी धरायच्या आधी त्याने आपला तळहात मिस्त्रीच्या तोंडापुढे धरला.

"खिळे थुंक," तो म्हणाला.

"कोण आहे?"

"आधी खिळे थुंक, मिस्त्री."

मिस्त्रीला तिथेच कळलं. फोनवर लेक जे बोलली ते त्याने ऐकलं, पण बातमी त्याला त्या पसरलेल्या तळहाताने आधीच दिली होती. बायको दवाखान्यात होती, पण बरी होत होती. डॉक्टरांनी आठवडाभरात घरी न्या म्हणून सांगितलं होतं. ती यायच्या आत टेबलाला नवं कापड घालून ठेवायचं आणि ती जिना चढून आली की दिवा लावून दाखवायचं, एवढा त्याचा बेत होता. कापड त्याच्या हातातून सुटलं आणि हळूहळू आक्रसून मधे गोळा झालं.

हॉल मुळात तिच्या वडिलांचा. बिलियर्ड्ससारखा जो पूलचा खेळ, त्याची तीन टेबलं, भिंतीला क्यू, म्हणजे खेळायच्या काठ्या, ठेवायच्या खाचा, एक गल्ला, आणि मागच्या दारातून वर राहत्या घरात जाणारा जिना. मिस्त्री तिथे पहिल्यांदा आला तो एका टेबलाचा हललेला पाय बसवायला. "टेबलाचा पाय मोकळा करायला आला आणि स्वतःचा अडकवून बसला," असं सासरा येईल त्याला सांगायचा. लग्नानंतर मिस्त्री तिथेच राहिला. लोक घरजावई म्हणाले, त्याने मनावर घेतलं नाही. टेबलं सरळ ठेवणं, कापड बदलणं, क्यूच्या टोकाला चामडं बसवणं, ही कामं त्याची. खेळ तिचा. पाळण्यातून उतरली ती टेबलाचा काठ धरूनच उभी राहिली होती म्हणे. ती त्याला लग्नानंतरही मिस्त्रीच म्हणायची, आणि तो तिला मालकीणबाई.

त्या दोघांचा एक नेम होता. दुपारी जेवणासाठी हॉल बंद करायचा, तो असाच बंद करायचा नाही. पहिल्या टेबलावर एक रंगीत चेंडू ठेवायचा, त्याच्या मागे दोन विती अंतरावर पांढरा. रंगीत चेंडू समोरच्या कोपऱ्याच्या पॉकेटात घालायचा, आणि पांढरा मात्र उलटा मागे येऊन अलीकडच्या ठिपक्यावर थांबला पाहिजे. हा ठिपका म्हणजे जिथून नवा डाव सुरू होतो ती जागा. त्याला ते घर म्हणायचे. पांढरा घरी आला तर ती पाटावर बसायची आणि मिस्त्रीने वाढायचं. नाही आला तर तिने वाढायचं. सगळं आयुष्य मिस्त्रीने वाढलं. सर्दी असो, ताप असो, लेक कडेवर रडत असो, ती वाकायची, हात दोनदा मागेपुढे झुलायचा, रंगीत चेंडू पडायचा आणि पांढरा शहाण्या गाईसारखा तिच्या कोपराखालून मागे यायचा. ठिपक्याच्या इकडेतिकडे बोटभर, त्याहून जास्त नाही.

"चला मिस्त्री, ताटं घ्या," ती म्हणायची.

त्यानेही प्रयत्न केले नव्हते असं नाही. पण त्याचा हात लोहाराचा. सोनाराचे शंभर घाव त्याला कधी जमलेच नाहीत.

"अहो, खिळा ठोकताय का? चेंडू आहे तो."

"मागे आला पाहिजे ना? म्हणून लागल्या लागल्या काठी मागे ओढतो."

"काठी ओढून चेंडू मागे येत नाही. खाली मारा, काठी आडवी ठेवा, आणि लागल्यावरही पुढे जाऊ द्या."

"पुढे गेली तर तो मागे कसा येईल?"

"ते त्याचं तो बघेल. तुम्ही तुमचं बघा."

"हे असलं शिकवणं!"

"आणि तो निळा खडू काठीच्या टोकावर असा गोल गोल फिरवू नका. बघा, भोक पाडलंत. टोकाला पावडर लावतात तसा लावायचा. जो माणूस खडूला भोक पाडतो तो चेंडूला काय नीट मारणार!"

मग तो हसून क्यू खाचेत ठेवायचा आणि ताटं घ्यायला जिना चढायचा. शिकायला आहे की आयुष्य पडलेलं, असं त्याला वाटायचं.

ती गेल्यावर माणसं येऊन गेली, भांडी परत गेली, आणि हॉल पुन्हा उघडला. पहिल्या टेबलावर मिस्त्रीने चादर टाकली, बाकीच्या दोन टेबलांवर लोक खेळू लागले. दुपार झाली. सगळे गेले. मिस्त्रीने दुसऱ्या टेबलावरचा पांढरा उचलला आणि हाताने ठिपक्यावर नेऊन ठेवला. क्षणभर बघितलं आणि परत उचलला. तिच्या घरात चोरपावलांनी शिरल्यासारखं वाटलं त्याला. त्या दिवशी तो वर गेलाच नाही. लेक दोनदा बोलवून गेली, शेवटी ताट घेऊन खाली आली, आणि तो उभ्यानेच जेवला. दुसऱ्या दिवशीही उभ्यानेच. पाटावर बसायचं तर पांढरा घरी यायला हवा, आणि तो आणणारी गेली होती.

लेक रजा टाकून राहिली होती. तिचं घर, तिची नोकरी दुसऱ्या गावी. "बाबा, आता तिकडेच चला," ती रोज म्हणायची.

"हे कापड तेवढं ठोकून होऊ दे," तो म्हणायचा.

"मग ठोका ना."

"ठोकतो."

पण चादर तशीच.

त्याच्या मनात एकच होतं. एकदा, फक्त एकदा, पांढरा तिच्यासारखा घरी आणायचा. कुणाला दाखवायला नाही. तो फटका आपल्या हातातून गेला तर तिचा हात कसा चालायचा ते आपल्या हाताला कळेल, आणि मग ती अगदीच गेली असं होणार नाही, असं काहीसं त्याला वाटत होतं. नीट सांगता आलं नसतं त्याला, आणि कुणी विचारलंही नाही. दुपारी हॉल रिकामा झाला की तो दुसऱ्या टेबलावर चेंडू मांडायचा. रंगीत चेंडू बरेचदा पडायचाही. पांढरा मात्र तिथल्या तिथे थिजायचा, नाहीतर त्याच्या मागोमाग पॉकेटात उडी टाकायचा.

"सतीच जातोय की रे तो," सलूनवाला बाकावरून म्हणाला. मग आपणच काय बोललो हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

मिस्त्री हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. "तूच सांग मग. ती काय करायची?"

"वहिनी वस्तरा धरल्यासारखी काठी धरायच्या. दाबला की रक्त येतं. वजन वस्तऱ्याचंच, हात फक्त दिशा दाखवायला."

पलीकडच्या टेबलाशी नेहमी खेळायला येणारा बसचा ड्रायव्हर मागे राहून क्यू पुसत होता. तो म्हणाला, "मनगट हो, मनगट. आणि कोपर. खांदा हलायचा नाही त्यांचा. कोपरापासून खालचा हात तेवढा झुल्यासारखा. मागे गेला की जरासा थांबायचा. गिअर टाकताना थांबतो ना आपण, तेवढाच."

"थांबायच्या नाहीत," सलूनवाला म्हणाला.

"थांबायच्या. मी बघितलंय."

"मीही बघितलंय. तू बस चालव."

"आणि तू दाढ्या कर!" ड्रायव्हर मिस्त्रीकडे वळला. "पण आम्हाला काय विचारता? तुम्ही रोज समोर उभे असायचात. तुम्हाला नको माहीत?"

मिस्त्रीने हातातली काठी खाली टेकवली. तो खरंच रोज समोर उभा असायचा, पॉकेटाच्या कोपऱ्यात, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकून. पण तो बघायचा पांढऱ्याकडे. आज तरी अलीकडे थांबेल, आज तरी ही उठून वाढेल, या आशेने त्याचे डोळे त्या चेंडूला चिकटलेले असायचे. तिच्या हाताकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं. आता डोळे मिटले की पांढरा दिसायचा, गोल, स्वच्छ, मागे मागे जाणारा. हात दिसायचा नाही.

"एक मात्र खरं," सलूनवाला म्हणाला, "वहिनींचं टोक फार पुढे जायचं. चेंडू सुटल्यावरही काठी जातच राहायची, आणि मग कापडाला अलगद टेकायची. पांढरा परत यायच्या आत उचलायच्या. रोज तिथेच टेकून टेकून पहिल्या टेबलावर डाग नव्हता का पडला? निळा?"

मिस्त्री ताठ झाला. डाग होता. दोन होते. एक टिकलीएवढा, जिथे रोज पांढरा ठेवला जायचा तिथला. आणि त्याच्या पुढे निळसर, चपटा, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. कापड झिजलं की असे डाग पडतात. त्यांच्याकडे बघूनच तर त्याने ठरवलं होतं, की आता हे कापड बदलायला झालं. आणि फोन आला त्याच सकाळी, जुनं कापड काढल्या काढल्या, पसारा नको म्हणून त्याने कात्रीने त्याचे तुकडे केले होते.

गल्ल्याखालच्या डब्यात तुकडे होते. त्याने सगळे जमिनीवर पसरले, उजेडाकडे धरून बघितले, हाताने चाचपले. डागाचा तुकडा त्यात नव्हता.

"एक तू नेलास ना?" त्याने सलूनवाल्याला विचारलं. "काय केलंस त्याचं?"

सलूनवाल्याने मान खाजवली. "चल खाली," तो म्हणाला.

खाली खुर्चीत एक लठ्ठ गृहस्थ तोंडाला फेस लावून बसले होते. सलूनवाला त्यांना तसंच सोडून वर आला होता. खुर्चीच्या उजव्या हाताचं रेक्झिन फाटलं होतं, तिथे त्याने हिरवा तुकडा ठोकला होता, आणि त्यावर गृहस्थांचं कोपर होतं.

"साहेब, जरा हात उचलता?" मिस्त्री म्हणाला.

"का? काय झालं?"

"माझं कापड आहे."

"माझी दाढी आहे," गृहस्थ फेसातून म्हणाले. "ती कधी होणार?"

"होईल हो," सलूनवाला म्हणाला, "हात तर उचला. माणूस अडचणीत आहे."

गृहस्थांनी हात उचलला आणि तो तसाच वर धरून बसले, शाळेत उत्तर येत असल्यासारखे. मिस्त्री गुडघ्यावर बसला. पाण्याचे शिंतोडे, साबण, दहा जणांची कोपरं, सगळं त्या कापडावरून गेलं होतं. निळा रंग जवळजवळ उडालेला. पण बोट फिरवलं तर लागत होतं. आधी टिकली, आणि मग पुढे, बरंच पुढे, तो दाणा. त्याने चिमट्याने एकेक खिळा असा उपसला की कापडाचा धागा तुटू नये.

"काय आहे काय त्यात?" गृहस्थांनी विचारलं.

"बायको," मिस्त्री म्हणाला आणि जिना चढला. गृहस्थांचा हात अजून वरच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पहिल्या टेबलावरची चादर काढली. नवं कापड पुन्हा ताणलं आणि चौथ्या बाजूला खेळण्यापुरते, लांब लांब अंतरावर खिळे टाचले. पक्कं ठोकणं नंतर. कोपऱ्याच्या पॉकेटापासून घराच्या ठिपक्यापर्यंत दोरा धरला. मधल्या दोन पॉकेटांसमोर जिथे ती पांढरा ठेवायची, तिथे जुन्या तुकड्यातली टिकली बसवली. तुकडा दोऱ्याखाली सरळ केला. मग दाण्याची जागा बघितली.

टिकलीपासून पूर्ण वीतभर पुढे होता तो.

मिस्त्री बघतच राहिला. त्याची स्वतःची काठी चेंडूला लागली की चार बोटंही पुढे जात नव्हती, तेवढ्यात तो ती मागे ओढायचा. मागे यायला हवं तर मागे ओढायचं, हेच त्याला कायम खरं वाटत आलं होतं. आणि ती वीतभर पुढे जात होती. रोज, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच दिशेने.

नव्या कापडावर त्याने खडूने एक बारीकशी खूण केली, तुकडा उचलला, घडी करून खिशात ठेवला.

लेक बोलवायला खाली आली तेव्हा तो वाकलेला होता. ती दाराशी थांबली. लहानपणीही ती तिथेच थांबायची, आई, भूक लागली, म्हणत. मिस्त्रीने मारलं. काठी खुणेपर्यंत गेली नाही. पुन्हा मांडलं, मारलं. गेली, पण वर उचलली गेली आणि चेंडूने उडी मारली.

"बाबा, तुम्ही आईची काठी घ्या ना," लेक म्हणाली. "ती हलकी आहे."

भिंतीवरून तिनेच काढून आणली. टोकाचं चामडं मिस्त्रीनेच बसवलेलं होतं, पण मुठीची जागा तिच्या हाताने गुळगुळीत झालेली. तो बोटं त्याच जागी ठेवायला गेला तर ती त्याच्या अंदाजापेक्षा मागे निघाली. त्याने तशीच धरली, सैल. मारलं. टोक खुणेशी टेकलं. रंगीत चेंडू चुकला, पण पांढरा थरथरला आणि दोन बोटं मागे सरकला.

"आला!" मिस्त्री ओरडला. "बघितलंस? आला होता मागे!"

"तुम्ही पांढऱ्याकडे फार बघता," लेक म्हणाली.

"मग कुठे बघू? छताकडे?"

"आई नव्हती बघत."

"ती कुठे बघायची?"

"तुमच्याकडे."

"माझ्याकडे?"

"तुम्ही त्या कोपऱ्यात उभे असायचात ना, असं तोंड करून." तिने ओठ चावले, भुवया वर केल्या आणि श्वास धरला, हुबेहूब. "मारून झालं की ती काठी उचलायची आणि तुमच्याकडे बघायची. मला म्हणायची, पांढरा कुठे थांबला ते बघायची मला गरजच नाही. तुझ्या बाबांचं तोंड पडलं की समजायचं, घरी आला."

मिस्त्रीने क्यू टेबलाला टेकवून ठेवली आणि बाकावर बसला. बराच वेळ खिशातल्या तुकड्यावर हात ठेवून बसला. एवढी वर्षं तो चेंडू बघत होता आणि ती त्याला बघत होती. एकदा, नुसतं एकदा, त्याने मान वर केली असती तर समोर काय दिसलं असतं, याचा तो विचार करत होता. आता ते बघता येण्यासारखं नव्हतं. कापडावर त्याचा डाग पडलेला नव्हता.

"बाबा, जेवण गार होतंय."

"एकदाच," तो म्हणाला. "तू तिथे उभी राहा. कोपऱ्यात."

लेक जाऊन उभी राहिली. हात कडेवर टेकले. मिस्त्रीने टोकाला खडू लावला, भोक न पाडता, पावडरीसारखा. वाकला. हात झुलू दिला, मागे गेल्यावर जरासा थांबला, आणि जाऊ दिला. पुढे, खुणेपर्यंत, तिच्यासारखा. रंगीत चेंडू पॉकेटात पडल्याचा आवाज आला. त्याने काठी उचलली, आणि पांढऱ्याकडे बघायचं सोडून समोर लेकीकडे बघितलं.

लेकीचे डोळे मोठे झाले होते. पांढऱ्याबरोबर ते मागे मागे येत होते. ओठ दातांत. श्वास धरलेला. मग हळूच तिचा चेहरा उतरला.

तिच्या आईसाठी उतरलेला चेहरा म्हणजे चेंडू घरी. इथे तसं नव्हतं.

"निघाला होता तिथवर आला," लेक म्हणाली. "मग थांबला. जवळजवळ आला होता, बाबा."

"हां."

"चला, मी वाढते."

"तू कशी वाढशील?" मिस्त्री म्हणाला. "पांढरा नाही ना आला. माझ्यावर आहे आज." आणि तो तिच्या पुढे जिना चढला. त्याने ताटं घेतली, तिला पाटावर बसवलं, वाढलं. तिचं झाल्यावर स्वतः वाढून घेतलं आणि उभ्याने जेवला. तिने पाणी भरून त्याच्या हाताशी ठेवलं.

तिची रजा संपली, ती गेली. जाताना म्हणाली, "कापड झालं की कळवा." तो बरं म्हणाला.

अजूनही दुपारी हॉल रिकामा झाला की तो चेंडू मांडतो. सलूनवाला कोपऱ्यात उभा राहतो, पण त्याच्या तोंडावरून काही कळत नाही, तो सगळ्यालाच वा म्हणतो. नव्या कापडावर खुणेच्या जागी आता थोडं निळं दिसू लागलं आहे. पांढरा घरी आलेला नाही. चौथ्या बाजूचे खिळे ठोकायचे राहिले आहेत.